कापूर आणि मीठ

आमच्या पेडण्याकडील घरात दोन पांढरे जिन्नस दोन निरनिराळ्या जागी असत. एक देवघरात, पितळेच्या लहानशा डबीत. दुसरा स्वयंपाकघरात, चुलीपासून चार हात दूर, मातीच्या मडक्यात. एक कापूर, दुसरे मीठ. कापराच्या डबीत आई काळ्या मिरीचे चार दाणे टाकून ठेवी आणि झाकण घट्ट लावी. कधी ते सैल राहिले, तर काही दिवसांनी डबीत नुसते मिरीचे दाणे उरत. मिठाच्या मडक्यावर मात्र झाकण म्हणून नारळाची एक करवंटी पुरे होई. पावसाळ्यात पाझरण्याखेरीज त्या मिठाला दुसरे कसलेही भय नव्हते.

१९६७ सालच्या उन्हाळ्यात मी बेळगावच्या महाविद्यालयातले पहिले वर्ष संपवून सुट्टीसाठी घरी आलो होतो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जगातल्या सर्व गोष्टींची कारणे ठाऊक असतात. त्यांतली बरीचशी त्याला पुढे हळूहळू विसरावी लागतात. एके दिवशी सायंकाळची आरती झाल्यावर आई रिकामी डबी हातात घेऊन माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "कापूर खंय वता रे? आनी मीठ कित्याक वचना?" कापूर कुठे जातो, आणि मीठ का जात नाही? दोन्ही पांढरे, दोन्ही खड्यांचे, दोन्ही एकाच घरात वर्षानुवर्षे ठेवलेले. मग एक उडून जावा आणि दुसऱ्याने जागेवरून हलू नये, असे का?

मी क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले. कापराचा रेणू हलका असतो, तो उडून जातो. मिठाचा रेणू जड असतो, तो बसून राहतो. आईने मान हलवली आणि ती डबी घासायला घेऊन गेली. उत्तर तिला पटले की नाही हे मी विचारले नाही. तसे विचारण्याची मला गरजही वाटली नाही.

त्याच सुट्टीत एकादशी आली. आमच्या घरी उपवासाला समुद्राचे मीठ वर्ज्य असे. वरीच्या तांदळात आणि शेंगदाण्याच्या कुटात सैंधव पडे. दुपारी पडवीवर शेजारच्या तीन-चार बायका बसल्या होत्या. बाजारात मिळते ते सैंधव खरे असते की त्यात भेसळ असते, असा काही विषय चालला होता. माझ्या अंगात नवे रसायनशास्त्र सळसळत होते. मी मध्येच म्हणालो, "समुद्राचे मीठ काय आणि सैंधव काय, दोन्ही सोडियम क्लोराइडच. एक चालते आणि दुसरे चालत नाही, ह्याला शास्त्रात काही अर्थ नाही." बायका गप्प झाल्या. एक मावशी हसल्यासारखे करून उठल्या. आई काहीच बोलली नाही.

पुढल्या एकादशीला पानात वरीचे तांदूळ आले ते अगदी अळणी. मला वाटले, आई मीठ घालायला विसरली. मी तसे म्हटल्यावर ती शांतपणे म्हणाली, "दोनूय एकच म्हणून तुवेंच सांगलें न्हय?"

माझ्या विधानावरून मी एक निष्कर्ष काढला होता, की दोन्ही चालावीत. तिने दुसरा काढला, की मग दोन्ही चालत नाहीत. तर्काच्या दृष्टीने दोन्ही सारखेच निर्दोष होते. पुढे माझ्या पानात सैंधव वेगळे ठेवले जाऊ लागले. आईने मात्र त्या दिवसापासून एकादशीला मिठाला स्पर्श केला नाही. महिन्यातून दोनदा तिच्या जिभेवरची तेवढी एक चव मी माझ्या पहिल्या वर्षाच्या ज्ञानाने काढून घेतली होती.

पुढे मी बी. एस्सी. झालो आणि बेळगावातच रसायनशास्त्र शिकवू लागलो. आयनिक संयुगांचा धडा मी दर वर्षी शिकवीत असे. १९७८ साली त्याच धड्याच्या तयारीत, मुलांना तुलनेसाठी दाखवावे म्हणून, मी फळ्यावर काही पदार्थांचे रेणुभार लिहीत होतो. कापराच्या रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १६ आणि ऑक्सिजनचा १, असे २७ अणू असतात. त्याचा भार सुमारे १५२. त्याखाली मी मिठाचा सूत्रभार लिहिला: सुमारे ५८.५. आणि माझा खडू थांबला. जो उडून जातो तो जड आहे, अडीचपटीहूनही अधिक जड. आणि जो बसून राहतो तो हलका आहे. अकरा वर्षांपूर्वी आईला मी नेमके उलटे सांगितले होते.

अधिक लाज मला दुसऱ्याच गोष्टीची वाटली. खरे उत्तर मला ठाऊक नव्हते असे नाही. ते मी परीक्षेत लिहिले होते आणि त्याचे गुणही मिळवले होते. परंतु पुस्तकातले ते उत्तर आणि देवघराच्या दारात विचारलेला तो प्रश्न ही एकाच गोष्टीची दोन टोके आहेत, हे इतक्या वर्षांत एकदाही माझ्या ध्यानात आले नव्हते.

ते उत्तर असे आहे. कापराचा खडा म्हणजे असंख्य पूर्ण कुटुंबांची एक वस्ती. सत्तावीस अणूंचे एकेक कुटुंब आपापसांत घट्ट बांधलेले असते, पण शेजारच्या कुटुंबाशी त्याचा संबंध अगदी सैल. त्यामुळे साध्या घरगुती उष्णतेतही पृष्ठभागावरचा एखादा रेणू शेजाऱ्यांचा निरोप घेऊन हवेत निघून जातो. आपल्याला कापराचा वास येतो, तो अशा निघून गेलेल्या रेणूंचाच. खडा वितळत नाही, ओला होत नाही, नुसता झिजत जातो. ह्याला संप्लवन म्हणतात.

मिठाचे तसे नाही. सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात, आणि त्यांतला शेवटचा एक बाहेरच्या कक्षेत एकटाच असतो. क्लोरिनच्या अणूत १७ असतात, आणि त्याच्या बाहेरच्या कक्षेत आठ पुरे व्हायला एक कमी पडतो. सोडियमचा तो एकटा इलेक्ट्रॉन क्लोरिनकडे जातो. सोडियमवर धन विद्युत्भार उरतो, क्लोरिनवर ऋण भार येतो. अशा भारित अणूला आयन म्हणतात. हंफ्री डेव्हीने १८०७ साली विजेच्या साह्याने प्रथम मोकळा केलेला सोडियम हा पाण्यात टाकताच पेटू पाहणारा धातू आहे. क्लोरिन हा विषारी वायू आहे, आणि १९१५ साली तो महायुद्धात माणसे मारण्यासाठी सोडला गेला. त्या दोघांच्या देवघेवीतून आपल्या आमटीतले मीठ निपजते.

येथवर शाळेतली मुलेही सांगतात. चूक होते ती ह्यापुढे. एका सोडियमने एका क्लोरिनला इलेक्ट्रॉन दिला, म्हणजे त्या दोघांचे जोडपे जमले, आणि मिठाचा खडा म्हणजे अशा जोडप्यांचा ढीग, असे आपण समजतो. खडा जर खरोखरच जोडप्यांचा ढीग असता, तर एकेक जोडपे कापरासारखे उडून गेले असते. पण विद्युत्भाराचे आकर्षण एका दिशेला बांधलेले नसते. दिव्याच्या उजेडासारखे ते सर्व बाजूंना पसरते. म्हणून प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन गोळा होतात: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली. त्या प्रत्येक क्लोराइडाभोवती पुन्हा सहा सोडियम. हा क्रम खड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड चालतो. एका मिलिमीटरच्या कडेवर असे सुमारे ३५ लाख आयन एकाआड एक बसलेले असतात. त्यांत कोणता सोडियम कोणत्या क्लोराइडचा, हे विचारण्यात अर्थ नाही. मिठाच्या खड्यात मिठाचा रेणू नावाची वस्तूच नाही. आपण लिहितो ते सूत्र केवळ प्रमाण सांगते: एकास एक.

ही गोष्ट पचायला मोठमोठ्या रसायनज्ञांनाही जड गेली. १९१३ साली विल्यम लॉरेन्स ब्रॅग ह्या तेवीस वर्षांच्या तरुणाने खनिज मिठाच्या, म्हणजे आपल्या सैंधवाच्याच जातीच्या, स्फटिकावर क्ष-किरण टाकले. परावर्तित किरणांच्या मांडणीवरून त्याने ही रचना उलगडली. १९१५ साली त्याला आणि त्याच्या वडिलांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही १९२७ साली, वयाच्या ७९ व्या वर्षी, हेन्री आर्मस्ट्राँग ह्या जुन्या इंग्रज रसायनज्ञाने 'नेचर' नियतकालिकात 'बिचारे साधे मीठ' अशा अर्थाच्या मथळ्याखाली एक चिडलेले पत्र लिहिले. मिठात जोडपी नाहीत, नुसती बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी आहे, ही कल्पनाच त्याला असह्य झाली होती. ते पत्र वाचताना मला हसू आले नाही. एवढा मोठा विद्वान आयुष्याच्या अखेरीसही जोडपी सोडायला तयार नव्हता. मग माझ्या पहिल्या वर्षाच्या उत्तराबद्दल मी किती संकोच करावा?

एकदा ही रचना ध्यानात आली, की मिठाचे सारे वागणे त्यातून सरळ निघते. मीठ उडून जात नाही, कारण कोणत्याही आयनाला एकट्याने निघता येत नाही. सहा बाजूंनी त्याला धरलेले असते, आणि त्या सहांना इतरांनी. त्याची पकड ढिली करायला ८०१ अंश सेल्सिअस उष्णता लागते. तेव्हा कुठे मीठ वितळते. आई आम्हां मुलांची दृष्ट काढी, तेव्हा मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकी. मीठ तडतडे, आणि 'केवढी दृष्ट लागली होती' असे म्हणत ती समाधान पावे. तडतडते ते मीठ नव्हे, तर आगरातल्या खड्यात स्फटिक बनताना कोंडून राहिलेले पाण्याचे थेंब; त्यांची वाफ होते आणि खडा फुटतो. ज्वाळेला पिवळी झाक येते ती सोडियमची. देवापुढे लावलेला कापूर जळून मागे काही ठेवीत नाही. चुलीतल्या मिठाचे तुकडे मात्र राखेत सापडतात.

मिठाचा मोठा खडा वरवंट्याने ठोकला तर तो चेपत नाही, फुटतो. आणि फुटतो तोही सरळ, गुळगुळीत, चौकोनी पृष्ठभागांवर. ठोक्याने आयनांची एक ओळ दुसरीवर एक घर सरकते आणि एकाआड एकचा क्रम बिघडतो. धनासमोर धन येतो, ऋणासमोर ऋण. जे एकमेकांना धरून होते तेच एकमेकांना दूर लोटतात आणि त्या ओळीवर खडा दुभंगतो. इतकी कठीण वस्तू एका घराच्या चुकीने फुटते, हे मला नेहमीच विचार करायला लावते.

'आयन' हा शब्द मायकेल फॅरडे ह्यांनी १८३४ साली रूढ केला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'जाणारा'. आईच्या प्रश्नातले 'वता' ते हेच. पण कोरड्या खड्यात हा जाणारा कुठेच जात नाही, म्हणून कोरड्या मिठातून वीज वाहत नाही. वर्गात मी दोन तारा कोरड्या मिठात खोचून दाखवी. दिवा लागत नसे. नुसत्या शुद्ध पाण्यातही तो लागत नसे. मग त्या पाण्यात चमचाभर मीठ टाकले, की दिवा उजळे आणि मुले टाळ्या वाजवीत. पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित ऋण आणि दुसरे किंचित धन असते. असे कितीतरी रेणू एकेका आयनाला वेढून त्याला ओळीतून सोडवतात. मीठ पाण्यात विरघळते म्हणजे जाणाऱ्याला जाण्याची मोकळीक मिळते. पाण्यात आयन मोकळे असतात, असे स्वांटे अऱ्हेनियस ह्यांनी १८८४ साली आपल्या प्रबंधात मांडले, तेव्हा परीक्षकांनी त्यांना खालची श्रेणी दिली; १९०३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आणि मिठाचे पाझरणे? तेथे तर आईच माझी गुरू होती. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत साध्या मिठाचा वाटा तीन-चतुर्थांशाहून थोडा अधिक. शापोरा नदीच्या काठच्या आगरांत भरतीचे पाणी मानशीतून आत घेतात आणि उथळ वाफ्यांत उन्हावर आटवतात. पाणी आटू लागले, की आधी चुना बसतो, मग जिप्सम. आणि पाणी मूळच्या दहाव्या हिश्श्यावर आले, की मीठ धरू लागते. शेवटी उरते ते कडू पाणी, त्यात मुख्यतः मॅग्नेशियमचे क्षार. ते काढून टाकतात, तरी थोडे खड्यांना चिकटून राहतेच. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतली ओल ओढून घेते, आणि पावसाळ्यात मीठ घळघळू लागते. आई पावसाळ्यापूर्वी मिठाची बांबूची टोपली एका मडक्यावर ठेवी. टोपलीतून थेंब थेंब कडू पाणी गळे, ते ती माडाच्या मुळाशी ओती. आणि वर्षभर असे निथळलेले जुने मीठच लोणच्याला वापरी. शुद्धीकरणाची ही पद्धत मी पुढे पुस्तकात वाचली. तिने ती तिच्या सासूकडून घेतली होती.

ह्याचा अर्थ असा, की 'दोन्ही एकच' हे माझे दुसरे विधानही अर्धेच खरे होते. आगराचे मीठ पाझरत असे, सैंधव कोरडे राही. आगराच्या मिठाला मागून किंचित कडवट चव येई, सैंधवाला येत नसे. हा फरक आईच्या जिभेला आणि बोटांना ठाऊक होता. दुसरीकडे सैंधव हेही एका काळचे समुद्राचेच मीठ. सिंधूच्या खोऱ्यातले खेवड्याचे थर पन्नास कोटी वर्षांहूनही जुन्या, आटून गेलेल्या समुद्राचे आहेत. म्हणजे दोन्ही एकच आहेत हे खरे, आणि दोन्ही एकच नाहीत हेही खरे. पडवीवर त्या दुपारी मी बोललो, ते ह्यांपैकी कशाचाही विचार करून बोललो नव्हतो.

१९७८ च्या गणेशचतुर्थीला मी घरी गेलो. पाहुण्यांची गर्दी ओसरल्यावर एका संध्याकाळी स्वयंपाकघरात पाटावर बसून मी आईला म्हटले, की अकरा वर्षांपूर्वी तू मला एक प्रश्न विचारला होतास, त्याचे मी चुकीचे उत्तर दिले. तिला प्रश्न आठवत होता. मी पिठाच्या परातीत बोटाने ठिपके काढून तिला एकाआड एकची मांडणी दाखवली. तिने थोडा वेळ पाहिले आणि विचारले, धालोत बायका एकमेकींच्या कमरेला हात घालून रांगेत उभ्या राहतात, तसे का? मी म्हटले, तसेच. पण नुसते डावीकडे-उजवीकडे नव्हे, पुढे, मागे, वर, खालीसुद्धा. आणि कापूर म्हणजे जत्रा संपल्यावर आपापल्या वाटेने घरी निघालेली माणसे. तिने त्या पिठाकडे पुन्हा पाहिले. मांडणी तिला पटली असावी, कारण परात उचलण्यापूर्वी ती क्षणभर थांबली.

मग तिने विचारले, "मागीर सैंदव खावचें काय न्हय?" मग सैंधव खायचे की नाही?

मी ज्या उत्तरासाठी आलो होतो ते हे नव्हते. पण खरा प्रश्न हाच होता. मी म्हटले, "आई, मीठ कसे बनलेले आहे ते माझे शास्त्र सांगते. उपवासाला काय खावे ते सांगत नाही. त्या दिवशी मी पडवीवर बोललो ते शास्त्र नव्हते, माझा तोरा होता. तू पूर्वीसारखे सैंधव घेत जा."

ती हसली. "आतां सवय जाल्या रे," म्हणाली, आणि परात उचलून पीठ मळायला बसली.

१९९३ साली ती गेली, तोपर्यंत एकादशीला तिने अळणीच खाल्ले. मी पुन्हा आग्रह केला नाही. तिने माझे ऐकून मीठ सोडले होते खरे. पण पुढे ते न खाणे तिचे स्वतःचे झाले होते, आणि ते परत मागण्याचा अधिकार मला उरला नव्हता. माझे वाक्य मी मागे घेतले, तिचे व्रत मला मागे घेता आले नाही.

आता बाजारात मिळते ते पुडीतले मीठ धुतलेले, बारीक, मोकळे वाहणारे असते. ते टोपलीत निथळायला ठेवावे लागत नाही. आमच्या भागातली पुष्कळ आगरे ओस पडली आहेत. जेथे वाफे होते तेथे चिखल आणि झुडपे आहेत. अजून काही जण उन्हाळ्यात मीठ काढतात, आणि गावी गेलो की मी त्यांच्याकडून जाड मिठाची एक पिशवी घेऊन येतो. आमच्या बेळगावच्या घरात देवघरात कापराची डबी आहे, तीत मिरीचे चार दाणे आहेत. एकादशीला मी वरीचे तांदूळ अळणीच खातो. माझ्या नातीने कारण विचारले, तेव्हा ह्या खेपेला मी उत्तर देण्याची घाई केली नाही. आधी तिला मिठाचा एक मोठा खडा हातात दिला आणि भिंगातून त्याचे कोपरे पाहायला सांगितले.